चिखलाने जपलेली पत्रं: वोल्खोव नदीकाठच्या नोवगोरोदची गोष्ट

1951 साली रशियातल्या नोवगोरोदच्या नेरेव्स्की भागात मोठं उत्खनन सुरू झालं आणि जमिनीखाली एक रस्ता लागला. ओंडके उभे चिरून, सपाट बाजू वर करून, एकाला एक भिडवून बसवलेला लाकडी रस्ता. मोजमापं घेऊन लाकडं उचलली, तर खाली दुसरा रस्ता. त्याखाली तिसरा. असं करत करत एकाखाली एक 28 रस्ते निघाले. सगळ्यात खालचा 953 सालचा, सगळ्यात वरचा 1462चा. पाचशे वर्षं लोक त्याच जागी, त्याच रेषेत रस्ता घालत राहिले. जुना चिखलात दबला की त्याच्या डोक्यावर नवा, साधारण दर 19 वर्षांनी एक.

इतक्या जुन्या लाकडाचं नेमकं साल कसं सांगता येतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा वाचताना पडला होता. उत्तर झाडातच आहे. झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक वलय वाढतं. वर्ष चांगलं गेलं तर जाड, थंडीने किंवा दुष्काळाने गांजलं तर बारीक. एका प्रदेशातली झाडं एकच हवामान भोगतात, त्यामुळे जाड-बारीक वलयांचा क्रम सगळ्यांच्या अंगावर सारखाच उमटतो. दोन ओंडक्यांतला क्रम जिथे जुळतो, ती वर्षं दोघांनी एकत्र पाहिलेली. असे ओंडके एकमेकांना सांधत गेलं की शतकांची साखळी तयार होते. बांधणीचं साल बखरीत नोंदलेलं आहे अशा चर्चच्या लाकडांशी ती साखळी ताडून पाहिली की प्रत्येक वलयाला साल मिळतं. पुरातत्त्वज्ञ बोरिस कोलचिन यांनी नोवगोरोदसाठी ही कालगणना बांधली. तिच्यामुळे इथल्या थरात सापडलेल्या चपलेचाही काळ दहा-वीस वर्षांच्या आत सांगता येतो.

आता गाव नकाशावर पाहू. रशियाच्या वायव्य भागात, सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला 200 किलोमीटरच्या आत. अधिकृत नाव वेलिकी नोवगोरोद, म्हणजे थोर नोवगोरोद. नोवगोरोद म्हणजे नवं नगर. रशियन 'नोव्ही' आणि आपला 'नवा' ही एकाच मूळ शब्दाची लेकरं. बखरींच्या हिशेबाने गावाचा पहिला उल्लेख 859चा आणि 862 साली रुरिक नावाचा समुद्रापलीकडचा सरदार इथे राज्य करायला आला. उत्खननातून आजच्या गावाचे थर मात्र दहाव्या शतकापासूनचे मिळतात. नवव्या शतकातली वस्ती नदीच्या वरच्या अंगाला, दोनेक किलोमीटरवरच्या टेकाडावर होती. ते टेकाड आजही रुरिकचं गोरोदिश्चे म्हणून ओळखलं जातं. त्या जुन्या गढीच्या मानाने हे गाव नवं.

गाव इथेच का वसलं, याचं कारण पाण्यात आहे. दक्षिणेला इल्मेन सरोवर. त्यातून वोल्खोव निघते, पाच-सहा किलोमीटरवर नोवगोरोद ओलांडते आणि उत्तरेला लादोगा सरोवराला मिळते. लादोगातून नेवा नदी बाल्टिक समुद्रात जाते. उलट दिशेने निघालं तर इल्मेनमधून लोवात नदीने दक्षिणेला, मग थोडं अंतर नावा जमिनीवरून ओढत नेऊन द्नीपर नदी, कीव्ह, काळा समुद्र आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपल. बखरकार या वाटेला 'वारांगियनांपासून ग्रीकांपर्यंतची वाट' म्हणतात. वारांगियन म्हणजे स्कँडिनेव्हियातले लढवय्ये व्यापारी. इल्मेनला मिळणाऱ्या म्स्ता नदीने पूर्वेला गेलं तर व्होल्गाची वाट धरता येई. म्हणजे चारी दिशांचा माल याच पाण्यावरून जाणार. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरून घसरगाड्या चालत.

वोल्खोवचा उतार फारच थोडा. इल्मेनचं पाणी खाली गेलं की ही नदी उलटीही वाहू शकते. 1063 साली ती पाच दिवस उलटी वाहिली, अशी बखरीत नोंद आहे. बखरकाराने तो अपशकुन मानला, आणि चार वर्षांनी गाव जाळलं गेलं तेव्हा त्याला त्याची आठवण झाली.

या सपाट, ओल्या जमिनीनेच पुढे इतिहासावर उपकार केले. नोवगोरोदखालची माती चिकण. पाणी जिरत नाही, सगळं कायम ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. लाकूड, कातडं, साल कुजवणारे जिवाणू हवेशिवाय जगत नाहीत. त्यामुळे लाकडाच्या ढलप्या, शेण, तुटके चमचे, मुलांची खेळणी, फाटके जोडे, जे जे लोकांनी पायाखाली टाकलं ते तसंच राहिलं. काही ठिकाणी हा थर सात मीटरांहून जाड आहे. अठराव्या शतकात गावात पाण्याचा निचरा करणारे चर काढले, वरचा थर कोरडा पडला, आणि म्हणून पंधराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या वस्तू क्वचितच टिकल्या. खालच्या ओल्या थरातला माल शाबूत आहे.

त्यातला सगळ्यात मोलाचा माल 26 जुलै 1951 रोजी हाती आला. उत्खननावर काम करणाऱ्या नीना अकुलोवा यांना रस्त्याच्या लाकडांच्या फटीत बर्च झाडाच्या सालीची एक गुंडाळी मिळाली. अशा गुंडाळ्या तिथे पुष्कळ निघत, मासेमारीच्या जाळ्यांना तरंगती ठेवायला त्यांचा उपयोग होई. या गुंडाळीवर मात्र अक्षरं कोरलेली होती. उत्खननाचे प्रमुख आर्तेमी आर्त्सिखोव्स्की कितीतरी वर्षं याच गोष्टीची वाट पाहत होते. त्या दिवसापासून आजपर्यंत एकट्या नोवगोरोदमध्ये अशी 1100हून जास्त पत्रं निघाली आहेत, अकराव्यापासून पंधराव्या शतकापर्यंतची.

मराठी वाचकाला ही साल परकी नाही. आपण जिला भूर्जपत्र म्हणतो तीच ही. संस्कृत 'भूर्ज' आणि रशियन 'बेर्योझा' हे शब्दसुद्धा सख्खे चुलत भाऊ आहेत. आपल्याकडे हिमालयातल्या भूर्जावर शाईने ग्रंथ लिहिले. नोवगोरोदकरांना शाई लागत नसे. साल पाण्यात उकळून मऊ करायची आणि लोखंडाच्या किंवा हाडाच्या टोकदार काडीने तिच्या आतल्या अंगावर अक्षरं कोरायची. शाई असती तर त्या ओल्या मातीत केव्हाच धुऊन गेली असती. कोरलेलं राहिलं.

आणि लिहिलंय काय? राजाज्ञा नाहीत, धर्मग्रंथ फार थोडे. बहुतेक पत्रं वाचून झाली की फेकून द्यायचीच होती. अमक्याकडून इतके येणं आहे. घोडा पाठव. मासे पोचले का. तेराव्या शतकातल्या एका पत्रात मिकिता नावाचा माणूस एका मुलीला लिहितो की माझ्याशी लग्न कर, मला तू हवी आहेस आणि तुला मी, आणि साक्षीला इग्नात आहे. त्याला आणखी काही सांगायचं नव्हतं.

1993 साली निघालेलं 752 क्रमांकाचं पत्र मात्र मला सोडत नाही. अकराव्या शतकाच्या शेवटाचं, एका बाईने एका पुरुषाला लिहिलेलं. ती म्हणते, मी तुझ्याकडे तीन वेळा निरोप पाठवला. माझ्याबद्दल असं काय वाईट मनात धरलंस की या आठवड्यात तू आला नाहीस? मी तर तुला भावासारखं मानलं. माझं निरोप पाठवणंच तुला टोचलं का? तुला आवडलं असतं तर लोकांच्या नजरेआडून निघून तू आला असतास. मी वेडेपणात तुला दुखावलं असेल आणि आता तू मला हसणार असशील, तर देव तुझा न्याय करील आणि माझाही. अक्षर वळणदार, वाक्यं बांधीव. लिहायला शिकलेली, चांगल्या घरची बाई असणार. त्या माणसाने पत्र वाचलं, फाडलं, त्याच्या पट्टीला गाठ मारली आणि टाकून दिलं. ती गाठ तशीच मातीतून निघाली.

पत्रं मिळाली तरी ती वाचता येणं ही वेगळी लढाई होती. पहिली तीस वर्षं अभ्यासकांचा समज असा होता की ही अर्धवट शिकलेल्या लोकांची अशुद्ध भाषा आहे. 'ओ'च्या जागी दुसरंच चिन्ह, 'ए'च्या जागी तिसरंच, शब्दांचे शेवट विचित्र. कुठे अर्थ लागला नाही की 'लिहिणाऱ्याची चूक' असा शेरा मारून पुढे जायचं. 1980च्या दशकात आंद्रेई झालिझन्याक हे भाषाशास्त्रज्ञ या कामात आले. त्यांनी सगळी पत्रं एकत्र ठेवून मोजणी केली, तेव्हा दिसलं की या 'चुका' पत्रागणिक बदलत नाहीत. सगळे जण तीच चूक त्याच जागी करतात. मग ती चूक कशी? तो त्यांच्या लिहिण्याचा नियम होता. पोथ्या लिहिणाऱ्यांची एक पद्धत, रोजच्या व्यवहाराची दुसरी.

एक उदाहरण देतो. अकराव्या शतकातल्या 247 क्रमांकाच्या पत्रात कुलुपाबद्दल आणि दारांबद्दल 'केले' असा शब्द आहे. आधीच्या वाचकांनी त्याचा संबंध साधूंच्या 'केल्या'शी, म्हणजे मठातल्या खोलीशी जोडला आणि अर्थ लावला, खोलीचं कुलूप, खोलीची दारं. झालिझन्याक म्हणाले, हा 'अखंड, शाबूत' या अर्थाचा शब्द आहे. आजच्या रशियनमध्ये तो 'त्सेली'. बाकी सगळ्या स्लाव्ह भाषांत काही स्वरांपुढचा 'क' बदलून 'त्स' झाला, आपण 'चमचा' म्हणताना पहिला 'च' उच्चारतो तसा. नोवगोरोदच्या बोलीत हा बदल झालाच नाही, तिथे 'क' हा 'क'च राहिला. पत्राचा अर्थ एकदम उलगडला. कोणावर तरी घरफोडीचा आळ आला होता आणि लिहिणारा बजावत होता, कुलूप शाबूत आहे, दारं शाबूत आहेत, घरमालकाची तक्रारही नाही.

या एका 'क'मुळे स्लाव्ह भाषांचा इतिहास नव्याने मांडावा लागला. उत्तरेच्या या लोकांची बोली म्हणजे कीव्हकडच्या भाषेची बिघडलेली प्रत नव्हे. ती स्वतंत्र, जुनी बोली होती. आपल्याकडे शुद्ध-अशुद्धचा वाद निघाला की मला हे पत्र आठवतं. झालिझन्याक दर शरदात मॉस्कोमध्ये जाहीर व्याख्यान देऊन त्या उन्हाळ्यात मिळालेली नवी पत्रं लोकांना समजावून सांगत. सभागृहं खचाखच भरत. 2017 साली त्यांचं निधन झालं.

इतकी माणसं लिहीत होती याचं कारण गावाच्या घडणीत आहे. नोवगोरोद राजाचं गाव नव्हतं. 1136 साली गावकऱ्यांनी व्सेवोलोद या राजपुत्राला हाकललं आणि पुढे साडेतीन शतकं राजा आपण नेमायचा आणि आपणच काढायचा अशी रीत चालली. राजाशी करार होई. त्याने सैन्य चालवायचं, न्यायात आपला वाटा घ्यायचा, पण नोवगोरोदच्या मुलखात जमिनी घ्यायच्या नाहीत. राहायचंही गावाबाहेर, त्याच गोरोदिश्चेवर. कारभार 'पोसादनिक' या निवडलेल्या अधिकाऱ्याच्या हाती. आर्चबिशपसुद्धा गावच निवडत असे, तोही कधी कधी चिठ्ठ्या टाकून. मोठ्या निर्णयांसाठी घंटा वाजे आणि 'वेचे' भरे, म्हणजे गावसभा. गाव स्वतःला 'गोस्पोदिन वेलिकी नोवगोरोद' म्हणवून घेई, धनी थोर नोवगोरोद. धनी म्हणजे कोणी माणूस नव्हे, गावच.

हे सगळं आजच्या अर्थाने लोकशाही मात्र नव्हतं. खरी सत्ता 'बोयार' या बड्या जमीनदार घराण्यांकडे होती. पुरातत्त्वज्ञ व्हॅलेंटिन यानिन यांनी उत्खनन आणि मोहरांच्या आधारे दाखवून दिलं की गावचे पाच भाग होते आणि प्रत्येक भागात आपापली घराणी. नदीच्या एका काठाला सोफिया बाजू, तिथे किल्ला आणि कॅथेड्रल. दुसऱ्या काठाला व्यापारी बाजू. मध्ये मोठा पूल. भांडण पेटलं की दोन्ही बाजूंचे जमाव याच पुलावर भिडत आणि दोषी ठरवलेल्याला इथूनच वोल्खोवमध्ये लोटत.

पैसा कुठून येई? जंगलातून. खारींची कातडी आणि मधमाश्यांचं मेण, या दोन गोष्टींवर नोवगोरोद श्रीमंत झालं. युरोपातल्या सरदारांच्या झग्यांना लावलेली फर आणि चर्चमध्ये जळणाऱ्या मेणबत्त्या इथून जात. बदल्यात फ्लँडर्सचं लोकरी कापड, मीठ, हेरिंग मासे आणि मुख्य म्हणजे चांदी येई. नोवगोरोदकडे चांदीची एकही खाण नव्हती, जी होती ती सगळी व्यापारातून आलेली. 'रूबल' हा शब्दसुद्धा तेराव्या शतकात इथल्या चांदीच्या लगडीसाठी रूढ झाला. हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी व्यापारी बाजूला होती, सेंट पीटरचं आवार. तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनाही होई आणि मालही ठेवला जाई.

1238 साली मंगोल सैन्य नोवगोरोदपासून 100 किलोमीटरच्या आसपास येऊन परत फिरलं. खंडणी पुढे द्यावी लागली, पण गाव जळालं नाही. त्यामुळे रशियाच्या इतर जुन्या गावांत जे नष्ट झालं ते इथे उरलं. 1045 ते 1050मध्ये बांधलेलं सेंट सोफिया कॅथेड्रल आजही उभं आहे. इल्यिना रस्त्यावरच्या चर्चमध्ये 1378 साली थिओफेनीस या ग्रीक चित्रकाराने काढलेली भित्तिचित्रं आहेत. तांबूस मातीच्या रंगावर पांढऱ्या रंगाचे दोन-चार फटकारे, आणि तेवढ्यात ऋषितुल्य म्हाताऱ्यांचे चेहरे जिवंत होतात.

शेवट मॉस्कोकडून आला. 1471 साली शेलोन नदीकाठी मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान याच्या सैन्याने नोवगोरोदला हरवलं. मॉस्कोला विरोध करणाऱ्यांत मार्फा बोरेत्स्काया ही एका पोसादनिकाची विधवा पुढे होती. 1478 साली तिला कैद करून नेलं, आणि वेचेची घंटासुद्धा काढून मॉस्कोला नेली. जाताना वाल्दायच्या डोंगरात घंटा पडली, फुटली आणि तिच्या तुकड्यांतून लहान लहान घंटा झाल्या, असं लोक सांगतात. साधारण त्याच सुमारास त्वेर या व्होल्गाकाठच्या गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी आपल्या चौल बंदरात उतरून जुन्नरला पोचला होता. नोवगोरोदनंतर सातच वर्षांनी, 1485 साली, त्याचं त्वेरही मॉस्कोने गिळलं. 1494 साली जर्मन पेढी बंद झाली. 1570च्या हिवाळ्यात चौथ्या इव्हानने गावात कत्तल केली. सोफियाच्या घुमटावरच्या क्रूसावर शिशाचं कबुतर आहे. ते त्या कत्तलीच्या दृश्याने दगड झालं, अशी दंतकथा आहे. 1703 साली नेवाच्या मुखाशी पीटर्सबर्ग उभं राहिलं आणि व्यापाराची वाटही सरली.

ऑगस्ट 1941 ते 20 जानेवारी 1944 या काळात गाव नाझी फौजांच्या ताब्यात होतं. सुटका झाली तेव्हा अडीच हजारांहून कमी घरांपैकी चाळीसेकच राहण्याजोगी उरली होती. 1198 सालचं नेरेदित्सा चर्च तोफांच्या माऱ्यात कोसळलं, त्याबरोबर त्याची जवळजवळ सगळी भित्तिचित्रंही गेली. घुमटावरचा कबुतराचा क्रूस जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीने नेला होता, तो 2004 साली स्पेनहून परत आला. कोवाल्योवोच्या चर्चची 1380 सालची चित्रं ढिगाऱ्यात मिसळली होती. अलेक्झांडर आणि व्हॅलेंतिना ग्रेकोव्ह या दांपत्याने 1960च्या दशकात तो ढिगारा चाळायला घेतला आणि नखाएवढे तुकडे रंगावरून, रेषेवरून जुळवण्यात उरलेलं आयुष्य घातलं. 1992 साली नोवगोरोदची स्मारकं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

सोफिया आणि थिओफेनीस यांच्याइतकाच या गावाचा वारसा एका सहा-सात वर्षांच्या मुलाने राखला आहे. त्याचं नाव ओन्फिम. काळ तेराव्या शतकाचा मध्य, नोवगोरोदचा राजपुत्र अलेक्झांडर नेव्स्की याच्या लढायांचा. 1956च्या जुलैमध्ये त्याच्या लिखाणाचा ढीगच निघाला. त्याला गिरवायला सालीच्या जुन्या डब्याचा लंबगोल बूड दिला होता. एका बाजूला त्याने मुळाक्षरं काढली आणि मग बा, वा, गा, दा, बे, वे, गे, दे अशी आपल्या बाराखडीसारखी जोडणी. बूड उलटा करून त्यावर लांब मानेचा, शेपटी वळवलेला एक प्राणी काढला आणि शेजारी लिहिलं, मी जनावर आहे. दानिलो नावाच्या मित्राला नमस्कारही लिहिला. त्याच्या चित्रांतल्या माणसांच्या हातांना बोटं कधी तीन, कधी चार, कधी त्याहून जास्त.

दुसऱ्या एका तुकड्यावर तो पुन्हा अभ्यासाला बसलेला दिसतो. कडेला अक्षरं ओळीने सुरू होतात, आ, बे, वे, गे. 'क'पर्यंत येतात आणि थांबतात. बाकीच्या सालीवर घोडा आहे, घोड्यावर भाला घेतलेला स्वार, खाली आडवा पडलेला शत्रू, आणि स्वाराच्या शेजारी नाव लिहिलंय, ओन्फिम.